तिच्या वतीने दिलेला होकार

भावाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मी उभं राहायचं ठरलं, तेव्हा पाळकसाहेबांनी भावाला, वहिनीला आणि मला आधी बोलावून घेतलं. म्हणाले, "पाणी मी ओतीन, पण वचन तुम्हाला द्यायचंय. काय देताय ते समजून घ्या." पापाचा त्याग करता का, ख्रिस्तावर विश्वास ठेवता का, या लेकराला प्रार्थना करायला शिकवाल का, असे एकेक प्रश्न त्यांनी सावकाश वाचले. शेवटचा प्रश्न मी घरी घेऊन आले.

आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. १९७० साली नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन ती उभी राहिली. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे त्यांत होते, तसेच कळत्या वयात स्वतःच्या विश्वासाने तो घ्यावा असं मानणारेही होते. म्हणून आमच्यात दोन्ही रीती चालतात. बाळपणी बाप्तिस्मा झाला, तर मोठेपणी दृढीकरणाच्या वेळी स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा असतो.

माझा बाप्तिस्मा पाळण्यात असतानाच झाला. याउलट कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचं घर दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात तो काळ लिहून ठेवला आहे. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो काही वर्षांनी आणि स्वतःला पटल्यावर. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं आणि नव्या जीवनात चालणं म्हणतो. टिळकांच्या घराने ते मरण अंगावर घेतलं. मला मात्र काहीच सोडावं लागलं नव्हतं. मग माझ्या बाप्तिस्म्याचा अर्थ काय?

त्याचं उत्तर मला आईच्या आजारपणात मिळालं होतं. ती दवाखान्यात होती आणि माझी प्रार्थना आटली होती. डोळे मिटले की शब्दच येत नसत. संध्याकाळी मंडळीतल्या बायका यायच्या. त्यांतल्या एक आजी आईचा हात धरून मोठ्याने प्रार्थना करायच्या. आईसाठी मागायच्या, शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी बाईसाठी मागायच्या, रात्रपाळीच्या नर्ससाठी मागायच्या आणि शेवटी माझं नाव घ्यायच्या. मी फक्त 'आमेन' म्हणायची. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकरही कुणी एकट्यासाठी मागत नाही, हे लहानपणापासून पाठ असलेलं मला त्या खाटेशी उमगलं.

आई वाचली नाही. प्रार्थना केली की हवं ते मिळतं, असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसांत देवापासून मी तुटले नाही, कारण माझ्या जागी उभं राहून बोलणारी माणसं होती. मी तान्ही असताना मंडळीने माझ्यासाठी वचन दिलं होतं आणि त्या आजी ते पाळत होत्या. बाप्तिस्म्याने मला या माणसांच्या हाती सोपवलं होतं आणि त्यांना माझ्या.

बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री मी लूकचं शुभवर्तमान उघडलं. यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा मत्तय आणि मार्कही सांगतात, पण बाप्तिस्मा झाल्यावर येशू प्रार्थना करत असताना आकाश उघडलं, हे फक्त लूक सांगतो. बाप्तिस्मा एकदाच होतो. त्यानंतर रोज जगायचं असतं, आणि ते जगणं प्रार्थनेतून चालतं, असा त्याचा अर्थ मला लागला.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी बाळाला हातांवर घेतलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन वेळा तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. पाण्याने दचकून ती रडली. मग सगळी मंडळी उभी राहिली आणि बाळाला विश्वासात वाढवायला हातभार लावण्याचं वचन सगळ्यांनी दिलं. माझी पाळी आली तेव्हा मी "हो, देवाच्या साहाय्याने" म्हटलं.

आता रोज रात्री मी तिचं नाव घेऊन प्रार्थना करते. तिला बोलता येऊ लागलं की दोन ओळी शिकवीन, आणि त्या ओळींत शेजारच्यांची नावं घालायलाही शिकवीन. दृढीकरणाच्या वेळी होकार द्यायचा की नाही, हे तिचं तिने ठरवायचं आहे. त्या दिवसापर्यंत आणि त्यानंतरही तिच्यासाठी प्रार्थना करत राहणं हे माझं काम आहे, आणि ते मी मनापासून स्वीकारलं आहे.