त्वचेच्या डॉक्टरला हात लावावा लागतो

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स लागतात. विहारात कार्यक्रम होतो, शाल-पुष्पगुच्छ होतो, चार भाषणं होतात. एमबीबीएसला लागलेल्या पोराचा किंवा पोरीचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. हे झालंच पाहिजे. जिच्या आजीने शाळेचा उंबरा पाहिला नाही, ती पोरगी डॉक्टर होणार ही साधी गोष्ट नाही. आमचा प्रश्न फ्लेक्स उतरल्यानंतरचा आहे. त्यानंतर त्या पोराला फोन कोण करतं? पहिल्या वर्षी विषय राहिला तर कोणाला कळतं? आणि इंटर्नशिप संपत आल्यावर पुढे कोणती शाखा घ्यायची, हे तो कोणाला विचारतो?

आज आम्ही एकाच शाखेबद्दल बोलणार आहोत. त्वचारोग, म्हणजे आपल्या भाषेत स्किन. ‘त्यात काय चळवळीचा विषय?’ असं वाटणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती.

सेनगाव तालुक्यातला एक विद्यार्थी आमच्या संपर्कात आहे. वडील हिंगोलीच्या हळद मार्केटात हमाली करतात. पोरगा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला स्किन घ्यायचं आहे. हॉस्टेलवर त्याला ऐकवण्यात आलं, “कोट्यातून आलास, मिळेल ती ब्रँच घे.” घरी नातेवाईक म्हणाले, “एवढं शिकून खाज-खरजेचा डॉक्टर होणार का?” त्याने आम्हाला एकच प्रश्न विचारला, “दादा, स्किनला गेलेलं आपलं कोणी तुमच्या ओळखीचं आहे का?” आमच्या फोनमध्ये वकील, प्राध्यापक, तलाठी, पत्रकार, सगळे आहेत. आपल्या समाजातली एक त्वचारोगतज्ज्ञ शोधायला आम्हाला अकरा दिवस लागले. हा लेख त्या अकरा दिवसांमुळे लिहितो आहोत.

आधी, ही शाखा आपल्यासाठी महत्त्वाची का, ते पाहू.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र घेतलं आहे. ते आधी १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. या शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर गंभीर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी आला तो तिला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने तिला हात लावला नाही. ती बाई वाचली नाही.

हे पत्र आपण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो. वैद्यकशास्त्राच्या बाजूनेही ते वाचलं पाहिजे. जातीने डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये तीन हातांचं अंतर टाकलं आणि त्या अंतरात एक जीव गेला. वैद्यकशास्त्राची जी शाखा सर्वात जास्त स्पर्शावर चालते ती त्वचारोगाची. चट्टा जाड आहे की पातळ, गरम आहे की गार, तिथे संवेदना आहे की नाही, हे टेबलापलीकडून कळत नाही. आणि स्पर्शाची दुसरी परंपराही आपल्याच घरात आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने धुतलं होतं.

कळमनुरी तालुक्यातल्या एका बाईच्या दंडावर आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट असा चट्टा होता. ती एका खाजगी दवाखान्यात तीनदा गेली. तिन्ही वेळा खुर्चीतूनच बघून मलम लिहून दिलं गेलं. पुढे आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथे डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनाचं टोक टेकवून पाहिलं. तिला ते कळलंच नाही. कुष्ठरोग होता. वेळेत सापडला, सरकारी औषध फुकट मिळतं, आता ती बरी आहे. त्या पहिल्या डॉक्टरच्या मनात जात होती की नुसती घाई होती, हे आम्ही सांगू शकत नाही. हात लागला नाही, एवढं खरं.

देशपातळीवर कुष्ठरोगाचं ‘निर्मूलन’ झाल्याचं डिसेंबर २००५ मध्ये जाहीर झालं. त्याचा अर्थ दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. रोग संपलेला नाही, आणि तो उरतो तिथे गरिबी आणि दाटीची घरं असतात. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावात त्वचारोग आणि गुप्तरोगासोबत कुष्ठरोगही आहे. शहरातल्या स्किन क्लिनिकच्या पाटीवर मात्र तो दिसणार नाही. तिथे लेझर, केस आणि ‘ग्लो’ असतो.

आपल्या जिल्ह्याची कातडी राबणारी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढायची, शिजवायची, वाळवायची. पावसाळा संपता संपता सोयाबीनची कापणी आणि मळणीची धूळ. वर्षभर गाजर गवत. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आलं आणि देशभर पसरलं. त्याच्या ॲलर्जीने चेहरा, मान, पापण्या आणि कोपराचे खळगे सुजतात, खाजतात, जाड होतात आणि उन्हात वाढतात. १९७० च्या दशकात डॉक्टरांनी या रोगाचं वर्णन केलं ते पुण्यातल्याच रुग्णांवरून. रोजंदारीवर हे गवत उपटणारं कोण असतं, ते वेगळं सांगायला नको.

मग स्टिरॉइडचं मलम. नायटा झाला की मेडिकलवाला एक ट्यूब देतो. दोन दिवसांत खाज थांबते, महिन्याभरात नायटा अंगभर होतो, कारण त्यातलं स्टिरॉइड खाज दाबतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. तीच ट्यूब मुली गोरं होण्यासाठी तोंडाला लावतात. कातडी पातळ होते, लाली चढते, बारीक लव येते आणि मलम बंद केलं की आग होते, म्हणून मलम सुटत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. ती किती पाळली जाते, ते आपल्या चौकातल्या मेडिकलवर उभं राहून बघा.

आणि गोरं व्हायचंय कशाला? आपल्याच वधू-वर मेळाव्यांतले बायोडाटे काढून बघा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनही ‘रंग: गोरा’ लिहिलं जातं. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिचं नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. डबीवरचं नाव बदललं, मुलीच्या बापाची झोप उडवणारा रंगाचा हिशोब तसाच राहिला. तुझ्या रंगात आजार नाही, हे आपल्या पोरीला अधिकाराने सांगू शकेल असा पांढऱ्या कोटातला माणूस आपल्याला हवा आहे.

रंगाचा प्रश्न जगभर आहे. त्वचेचे प्रकार मोजण्याची फिट्झपॅट्रिकची पट्टी १९७५ ची. ती मुळात गोऱ्या कातडीसाठी होती, तपकिरी आणि काळी त्वचा तिच्यात नंतर जोडली गेली. पुस्तकात ‘लाल चट्टा’ लिहिलेलं असतं, पण सावळ्या अंगावर तो जांभळट, राखाडी किंवा गडद तपकिरी दिसतो. साधी पुटकुळी गेली तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. लेझर चुकीच्या मापाने मारला तर सावळी कातडी भाजते. लंडनमध्ये मालोन मुकवेंडे हा वैद्यकीय विद्यार्थी विचारायचा, हे लक्षण माझ्या कातडीवर कसं दिसेल? उत्तर पुस्तकात नव्हतं. २०२० मध्ये त्याने दोन प्राध्यापकांसोबत ‘माइंड द गॅप’ ही पुस्तिका काढली आणि सर्वांसाठी मोफत खुली केली.

अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञांमध्ये कृष्णवर्णीय डॉक्टर सुमारे ३ टक्के आहेत, लोकसंख्येत मात्र ते १३ टक्क्यांच्या आसपास आहेत. तिथे डॉ. सुसान टेलर यांनी २००४ मध्ये ‘स्किन ऑफ कलर सोसायटी’ उभी केली. नव्या डॉक्टरांना अनुभवी डॉक्टरांशी जोडून देणं, म्हणजे मेंटॉरशिप, हा त्या संस्थेच्या कामाचाच भाग आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं. त्या ब्लॅक पँथरने फुकट दवाखाने चालवले आणि सिकलसेलच्या तपासण्या केल्या, हे आपण फारसं घेतलं नाही. घोषणा घेतली, दवाखाना राहून गेला.

आपल्याकडे एक फरक आहे. इथे डॉक्टरही सावळा आणि रोगीही सावळा. त्यामुळे अमेरिकेचा प्रश्न जसाच्या तसा उचलून चालणार नाही. आपल्याकडची भिंत जात, पैसा आणि अंतराची आहे. स्किन ही नीट पीजीत वरच्या रँकवाल्यांची आवडती शाखा. खाजगी कॉलेजातली फी आपल्या घरांच्या हिशोबात बसतच नाही. म्हणजे सरकारी जागा आणि आरक्षण हाच रस्ता. तो रस्ता चालून आत गेल्यावरही काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. २२ मे २०१९ रोजी डॉ. पायल तडवी गेली. जळगाव जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात पीजी करत होती. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप आहे, खटला न्यायालयात आहे. त्याआधी, २००७ मध्येच, आपल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेल्या प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समधला जातिभेद कागदावर आणला होता. वैद्यकीय शिक्षण वरिष्ठाच्या हाताखाली शिकण्यावर चालतं. वरिष्ठाने शिकवायचं नाकारलं तर पुस्तक पाठ करूनही हात तयार होत नाही.

म्हणून मार्गदर्शक लागतो. मार्गदर्शक करतो काय? अकरा दिवसांनी सापडलेल्या त्या डॉक्टर ताई सेनगावच्या पोराशी चाळीस मिनिटं बोलल्या. कॉलेज निवडताना शहर बघू नकोस, ओपीडी बघ, जिथे कुष्ठरोगाचे आणि गरीब रुग्ण जास्त तिथे शिकायला मिळतं. जात वैधता प्रमाणपत्र आजच फाईलला लाव, काउन्सेलिंगच्या आठवड्यात पळापळ नको. बंधपत्राच्या सेवेचा हिशोब आधीच कर. रुग्णाची परवानगी घेऊन सावळ्या कातडीवरच्या रोगांचे फोटो जमवत जा, तेच तुझं पुस्तक. आणि कोणी जातीवरून बोललं तर त्याच रात्री तारीख-वेळ लिहून ठेव आणि मला फोन कर. यातलं एकही वाक्य कोणत्याही क्लासमध्ये मिळत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत, त्यांना ते जेवणाच्या ताटावर मिळतं. ‘मेरिट’ म्हणतात त्यातला मोठा भाग हा असतो.

बाबासाहेबांचाही सत्कार झाला होता. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर, सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली. तिथे केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. पण गुरुजी हार घालून घरी गेले नाहीत. पुढे पैशाअभावी कॉलेज अडलं तेव्हा त्यांनीच सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. केळुसकर आपल्या समाजाचे नव्हते, म्हणून मार्गदर्शक जातीतलाच हवा असा आमचा हट्ट नाही. हट्ट आहे तो सत्कारानंतर थांबण्याचा.

यावर कार्यकर्ते म्हणतील, स्किनवाले पैशाच्या मागे जातात, समाजाकडे वळून बघत नाहीत. मग १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणाची आठवण काढली जाते. शिकलेल्यांबद्दलची बाबासाहेबांची खंत खरी होती. आपण मात्र त्या भाषणाची काठी केली आहे. डॉक्टर दिसला की वर्गणीची पावती पुढे करायची, नाही दिली तर ‘समाजाला विसरला’ म्हणायचं. बोलणी खाऊन माणूस परत येत नाही, काम दिलं की येतो. त्या ताईंना आम्ही विचारलं, इतकी वर्षं कोणत्या पोराला मार्गदर्शन केलंत? त्या म्हणाल्या, “मला आजवर कोणी विचारलंच नाही.”

तेव्हा विचारायला सुरुवात करू. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात आपलं हिंगोली आहे. इथली पहिली बॅच इंटर्नशिप संपवून साधारण २०३० मध्ये पीजीच्या दारात उभी राहील. तेवढा वेळ आपल्याकडे आहे. प्रत्येक तालुक्याने आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि मदत करायला तयार असलेल्या डॉक्टरांची यादी करावी, ज्याची त्याची परवानगी घेऊन. एका विद्यार्थ्यामागे एक डॉक्टर, महिन्याला एक फोन, पीजी संपेपर्यंत. मुलींना किमान एक महिला डॉक्टर जोडून द्यावी. तीन महिन्यांतून एकदा विहारात आशाताईंना सोबत घेऊन त्वचा तपासणी ठेवावी. तिथे विद्यार्थी डॉक्टरशेजारी बसेल, बायकांना आडोसा असेल आणि प्रत्येक चट्टा हात लावून तपासला जाईल. छळाची तक्रार आली तर ‘सहन कर, डिग्री घे’ हे उत्तर कोणी द्यायचं नाही.

वर्षावासात आपण विहारात रोज जमतो, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतो. यंदा एका संध्याकाळी वाचन झाल्यावर एक वही उघडा. पहिल्या पानावर विद्यार्थ्यांची नावं, दुसऱ्या पानावर डॉक्टरांची. आमच्या वहीत सध्या पहिल्या पानावर सात नावं आहेत आणि दुसऱ्यावर एक. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर कळवा.

जय भीम!