काटा हलतच नव्हता!

‘ऑक्सिजन संपला तर गं?’ मी स्कूबाला निघाले की आईचा हा ठरलेला प्रश्न. खरं तर त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, तुमची-माझी साधी हवाच असते, कोंबून भरलेली. पण आईला कोण सांगणार!

तारकर्लीच्या पहिल्या डाइव्हनंतर दोन-तीन कोर्स झाले आणि पाठीवर एकाऐवजी दोन सिलिंडर घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं. डबल सिलिंडर, डबल हवा, एवढंच माझं गणित. सर म्हणाले, ‘जास्त हवा हा बोनस. खरी गंमत वरच्या पाइपात आहे.’

तो पाइप म्हणजे मॅनिफोल्ड. आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या आहेत, पाइपने एकमेकींना जोडलेल्या. एका टाकीचा नळ बंद केला तरी दुसऱ्या नळाला दोन्हींचं पाणी येतं. सेम टु सेम! उजवा रेग्युलेटर बिघडून हवा सोडायला लागला, तर फक्त उजवा नॉब बंद करायचा. डाव्या रेग्युलेटरमधून दोन्ही सिलिंडरची हवा मिळत राहते. आणि मधला तिसरा नॉब, आयसोलेटर? सिलिंडरच्या मानेशीच गळती झाली तर तो बंद करायचा, म्हणजे निदान एका बाजूची हवा वाचते. 12 लिटरचे दोन सिलिंडर 200 बारने भरले तर 4800 लिटर हवा. त्यातली 2400 हाताशी. 30 मीटर खोलीवर मिनिटाला साधारण 80 लिटर लागतात, म्हणजे जेमतेम अर्धा तास. तोही शांतपणे श्वास घेतलात तर!

हे सगळं वहीत छान उतरवलं. मग स्विमिंग पूलमध्ये प्रॅक्टिस. मानेमागे हात नेऊन, न बघता, एकेक नॉब बंद करायचा नि पुन्हा उघडायचा. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या माझ्या खांद्यांनी साफ नकार दिला. मधला नॉब कसाबसा बंद केला आणि त्या आनंदात उघडायलाच विसरले. वीस मिनिटांनी गेज पाहिलं. काटा 180 वर. सुरुवातीलाही 180च! वा, श्वासावर काय कंट्रोल आहे आपला, मी खूश.

सरांनी गेजकडे बोट दाखवलं आणि माझ्या मानेमागचा नॉब फिरवला. सूंऽऽ आवाज झाला नि काटा झरझर 160 पर्यंत उतरला. गेज होतं डाव्या सिलिंडरवर आणि मी श्वास घेत होते उजव्यातून. उजवा पार रिकामा झाला असता तरी गेजने मला 180च दाखवलं असतं. डावा रेग्युलेटर गळ्यात होता म्हणा, पण तोंडातली हवा अचानक थांबल्यावर तो आठवला असता का, देव जाणे.

आता रोज कॉम्प्युटर बंद केला की उजवा हात मानेमागे जातो. मधला नॉब, हवेतच. बंद, उघड. बंद, उघड.

‘मान धरली का गं?’ आई विचारते.

मी हो म्हणते.