जादा बॅटऱ्या किती? एका विहिरीचा हिशोब

परवा आमच्या उमापूरच्या बाजारात एक नवा पोरगा भेटला. नुकताच यूट्यूब चॅनल काढलाय, जुना कॅमेरा घेतलाय. म्हणाला, "सर, जादा बॅटऱ्या किती ठेवायच्या?" मी सहज म्हणालो, "दोन." घरी आल्यावर वाटलं, पोराला अर्धंच उत्तर दिलं. म्हणून हे लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी साधा हिशोब. माझ्याकडं कॅननचा 1500 डी आहे. त्याची बॅटरी 860 एमएएचची. कंपनी म्हणते, एका चार्जिंगवर साधारण 500 फोटो. पण आपण कुठं नुसते फोटो काढतो? व्हिडिओ, बाईट, मागची स्क्रीन सारखी चालू. मग दीड तासाच्या आतच खेळ खलास. या कॅमेऱ्याला पॉवर बँकेवरनं चार्जिंग होत नाही. बॅटरी काढून चार्जरला लावायची, तो भिंतीत खोचायचा, दोन तास थांबायचं. भिंतीत लाईट असली तर.

कार्यक्रम जेवढा मोठा तेवढ्या बॅटऱ्या जास्त, असं मला आधी वाटायचं. 14 ऑक्टोबर 2023 ला अंतरवाली सराटीला मनोज जरांगे पाटलांची सभा होती. मित्रांच्या मागून आणून सहा बॅटऱ्या नेल्या. लागल्या दीड. त्या गर्दीत पाऊल टाकायला जागा नव्हती, तर कॅमेरा फिरवणार कुठं? मोबाईल मात्र रेंज शोधून शोधून दुपारीच मान टाकून बसला. तेव्हा एक कळलं, बॅटऱ्या माणसं मोजून ठरत नाहीत. लाईट किती तास नसेल आणि आपल्याला किती ठिकाणी थांबावं लागेल, त्यावर ठरतात.

आता खरी गोष्ट. सप्टेंबर 2025. पाऊस आठवतोच तुम्हाला. गावात लाईट नव्हती. माझ्याकडं तीन बॅटऱ्या: एक ओरिजिनल भरलेली, एक डुप्लिकेट भरलेली, तिसरी निम्मी. गोदाकाठच्या एका गावात पुढाऱ्यांचा पाहणी दौरा होता. मी सकाळीच पोचलो. गाड्यांचा ताफा आला, चिखलात उतरलेले बूट, हातात धरलेलं सडकं कापूस-सोयाबीन, बाईट, पुन्हा बाईट, कारण पहिल्या वेळी कुणीतरी मधी आलं. दुपारपर्यंत दोन बॅटऱ्या संपल्या. तिसरी लावली.

ताफा गेला तशी एक आजी आली. गुडघाभर चिखल. "लेकरा, आमच्या हिरीचा फोटू काढ. एक बाजू ढासळलीय, बाकीची आजून हाय." मी तिच्या मागं गेलो. सासऱ्यानं खोदलेली विहीर, दगडी बांधकाम, एका अंगाचे दगड आत गेलेले. कॅमेरा डोळ्याला लावला तर लाल खूण लुकलुकली आणि स्क्रीन काळी पडली.

इथपर्यंत दोष बॅटरीचा. पुढचा माझा. खिशात मोबाईल होता, नऊ टक्के. ऑफिसवरनं दौऱ्याच्या व्हिडिओसाठी फोनावर फोन चालू होते. नऊ टक्क्यांत एक फोटो सहज बसला असता. पण मी ते नऊ टक्के दौऱ्यासाठी राखले. म्हणालो, "आजी, उद्या येतो." आजी म्हणाली, "ये बाबा." तिच्याकडं बटणाचा फोन, लेक पुण्यात कंपनीत.

उद्या गेलो नाही. परवाही नाही. 28 सप्टेंबरला जायकवाडीचा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या पुढं गेला. पाणी उतरल्यावर गेलो तर विहीर नव्हतीच. नुसता सपाट गाळ. आजीनं काठी रोवून जागा दाखवली.

7 ऑक्टोबरला सरकारचं पॅकेज जाहीर झालं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार रोख, शिवाय मनरेगातून 3 लाखांपर्यंत. बाधित विहिरीला 30 हजार. आजीच्या विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नव्हती. जुन्या विहिरींचं असं बऱ्याच ठिकाणी आहे, वाटण्या झाल्या, नोंदी राहून गेल्या. तिला सगळे एकच विचारायचे, "विहीर होती याला पुरावा काय?" शेजाऱ्यांचे जबाब, अर्ज, हेलपाटे. तिच्या अर्जासोबत मी गाळाचा फोटो जोडून दिला. गाळाच्या फोटोत विहीर दिसत नाही.

दौऱ्याचे फोटो मात्र माझ्याकडं 300 च्या वर आहेत. सगळ्यात तीच माणसं.

तर पोरा, तुझ्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. जादा बॅटऱ्या तीन ठेव. भरलेलीला रबर लाव, संपलेलीचं रबर काढ, म्हणजे घाईत गल्लत होत नाही. टोकांवर प्लास्टिकची टोपी लाव, किल्ल्यांसोबत खिशात टाकू नको. उन्हात गाडीच्या डिक्कीत ठेवू नको. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात घालू नको. आणि त्यातली एक पाहुण्यांसाठी नाही असं ठरव. बाईट अर्धा राहिला तरी चालेल, पाहुणा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तेच बोलणार असतो. ती एक ताफा गेल्यावर जो माणूस मागं राहतो, त्याची.

आणि वाचणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. तुमच्या रानातली विहीर, पाईपलाईन, गोठा, बांध यांचे फोटो आजच काढून ठेवा. चांगलं आहे तेव्हाच काढा. मोबाईलमध्ये तारीख आणि लोकेशन चालू ठेवा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का ते तलाठ्याकडं बघून घ्या. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडं साधा फोन असेल तर त्याच्याही विहिरीचा एक फोटो तुमच्या मोबाईलमधून काढा. दोन मिनिटं लागतात.

आजी अजून भेटली की विचारते, "आलास का लेकरा?" रागानं नाही विचारत. त्यामुळंच उत्तर देता येत नाही.