सांधा

रविवार, रात्र.

आज स्पिटफायर विमानाच्या मॉडेलचे पंख धडाला लावले. प्रमाण १:७२. म्हणजे खऱ्या विमानाच्या पंखविस्ताराचे सव्वाअकरा मीटर इथे जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर.

मॉडेल करणारे तामियाचं नाव आदरानं घेतात, ते जुळणीसाठी. भाग कापावा, टेकवावा आणि तो बसावा. शिझुओकातल्या या कंपनीची सुरुवात १९४६ साली लाकूड कापण्याच्या धंद्यातून झाली. मला यात संगती वाटते. लाकडात वावरलेल्या माणसाला सांध्याची किंमत कळते.

तरी नुसत्या नावावर विसंबू नये, असं माझं ठाम मत झालंय. साचा कधीचा, हे आधी पाहावं. पोलादी साचासुद्धा वापरून झिजतो. मग त्याच्या दोन अर्ध्यांमधून प्लास्टिक पाझरतं आणि भागांच्या कडांना पातळ पापुद्रे येतात. जुन्या साच्यांत पत्र्यांचे जोड बहुधा उंच रेषांनी दाखवलेले असत, नव्यांत ते कोरलेले असतात. एअरफिक्स या दुसऱ्या कंपनीच्या संचांचंही तसंच. जुना साचा आणि अलीकडचा साचा, खोक्यावर नाव एकच. आत जमीन-अस्मानाचा फरक.

गेल्या महिन्यातल्या एका संचात (कुणाचा ते असो) पंखाच्या मुळाशी नखभर फट होती. पुट्टी भरली, वाळू दिली, पॉलिश पेपरनं घासली. घासताना शेजारच्या रेषाही पुसल्या गेल्या. त्या सुईनं पुन्हा कोरताना तीन संध्याकाळी गेल्या. त्या विमानावर माझा फार जीव आहे.

आजचा पंख मात्र पहिल्याच प्रयत्नात बसला. कितीतरी वेळ त्या सांध्यावरून बोट फिरवत राहिलो.