मोटार की लोखंड?

जुनी मोटार विकत घेऊन ती पूर्ववत् करणे हा श्रीमंतांचा छंद समजला जातो, आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. संस्थानिकांच्या रोल्स-रॉईस आणि ब्युक गाड्या झळझळीत करून मिरवणुकीत काढणाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. ती पाहून सामान्य कुटुंबातील मनुष्य कौतुक करतो आणि पान उलटतो. परंतु मध्यमवर्गीयांच्याही मोटारी होत्या. डॉक्टर, वकील, बागाईतदार यांच्या अंगणात त्या तीस-चाळीस वर्षे राबल्या आणि आता गोठ्यात, गुदामात, चिंचेच्या झाडाखाली पडून आहेत. त्यांना कोणी ऐतिहासिक म्हणत नाही, खटारा म्हणतात. असा एक खटारा आम्ही विकत घेतला. तो कसा सापडला, कसा पारखला आणि त्याचे मोल कसे ठरले, हे वाचकांस सांगावेसे वाटते. कारण त्या व्यवहारात मोटारीबरोबर माणसांचीही पारख झाली.

आमचे बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, सौसरच्या अलीकडे आहे. रस्त्याने जाणाऱ्यास येथील कापडाचा कारखाना आणि औद्योगिक वसाहत तेवढी दिसते. आत वळले की संत्र्यांच्या बागा लागतात. १९५६ सालापर्यंत नागपूर आणि आमचा भाग एकाच मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा भाग होता तेथेच राहिला. तेव्हापासून येथील माणूस घरात मराठी बोलतो आणि कचेरीत हिंदीत अर्ज लिहितो. २०२३ साली जिल्हाही बदलला. छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. संत्री मात्र पूर्वीही नागपूरच्या बाजारात जात होती आणि आजही जातात. आम्ही सांगतो ती मोटार अशाच संत्र्यांच्या पैशांतून आली होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, मृग बहाराची फळे तोडणीस आली असता, आम्ही संत्री आणावयास एका ओळखीच्या बागेत गेलो. बागेतील कौलारू गुदामात रिकाम्या पेट्यांची रास होती, आणि त्या राशीच्या मागे, फाटक्या ताडपत्रीखालून एक गोल नाक व दोन निस्तेज डोळे आमच्याकडे पाहत होते. पेट्या बाजूला केल्या. ती १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट निघाली. तिच्या पाटीवर जुन्या पद्धतीची तीन अक्षरे व चार आकडे अद्याप वाचता येत होते.

तरुण वाचकांसाठी या मोटारीचे कूळ थोडक्यात सांगितले पाहिजे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा केला. तेथे आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या पहिल्या अवतारांना महाराष्ट्रात प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणत. त्यांचे पुढचे दार मागच्या बाजूने बिजागरलेले असे, त्यामुळे ते उलटे उघडत असे. १९६४ साली डिलाइट आली आणि दार सुलट झाले. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरचा गियर, पुढे सलग बाक: मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत जो बसला आहे त्यास निराळे वर्णन नको. त्या काळी मागणी अधिक व उत्पादन थोडे असल्यामुळे पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बागेच्या मालकांनी सहा वर्षे वाट पाहून ही गाडी घरी आणली होती. २०१९ पर्यंत ती चालत होती. २०२१ साली ते वारले. आता बाग त्यांच्या पत्नी पाहतात. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. आसपासचे सगळे त्यांना आजी म्हणतात.

गाडी विकावयाची आहे का, असे आम्ही विचारले. आजींनी आम्हांस आपादमस्तक न्याहाळले आणि उलट प्रश्न केला, “भाऊ, तुम्ही मोटार घेऊन राह्यले की लोखंड?”

भंगारवाला त्याआधीच येऊन गेला होता. ही गाडी सुमारे ९०० किलोची. किलोस ३० रुपये धरून त्याने २७,००० रुपये सांगितले होते. उत्तर देण्यापूर्वी गाडी नीट पाहणे आवश्यक होते, म्हणून आम्ही पुढच्या रविवारी नागपूरहून एका वृद्ध मिस्त्रींना घेऊन आलो. त्यांचे सारे आयुष्य फियाटच्या पोटाखाली गेलेले. बरोबर आमच्या घरची मंडळीही होती. तिला मोटारीत रस नव्हता, परंतु पैसा कोठे जातो यात होता, आणि तो रास्तच म्हटला पाहिजे.

मिस्त्रींनी आधी इंजिनाकडे पाहिलेच नाही. खिशातून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि दारांखालच्या पट्टीवरून, मडगार्डच्या कडांवरून, डिकीच्या तळावरून ते हळूहळू फिरवले. जेथे पत्रा शाबूत तेथे चुंबक चिकटे. जेथे गंज खाऊन लांबी भरलेली तेथे ते सुटून पडे. जीपगाडीस खाली लोखंडी चौकट असते, वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. फियाटला निराळी चौकट नाही, पत्र्याचे शरीर हेच तिचे हाड. मिस्त्री म्हणाले, “इंजिन मेले तर जिवंत करता येते, पण पत्रा मेला तर गाडी नव्याने बांधावी लागते.” डाव्या बाजूची खालची पट्टी आणि चालकाच्या पायांखालचा तळ गेला होता; बाकी शरीर सुदैवाने ठीक होते.

नंतर इंजिन. ते जाम होते. मिस्त्रींनी चारही प्लग काढून भोकांतून तेल सोडले आणि आठ दिवस कोणी हात लावू नये असे बजावले. आठ दिवसांनी मागचे एक चाक जॅकवर उचलून, गाडी चौथ्या गियरमध्ये घालून, त्यांनी ते चाक दोन्ही हातांनी हलवले. प्रथम काहीच झाले नाही. मग आतून कुरकुर आली आणि पंख्याचे पाते बोटभर सरकले. आजी दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पदराने डोळे टिपून आत गेल्या आणि सर्वांना चहा घेऊन आल्या.

त्याच वेळी चेसिस व इंजिन यांचे क्रमांक नोंदणीच्या पुस्तकाशी ताडून पाहिले. दोन्ही जुळले. ज्यास जुनी गाडी घ्यावयाची असेल त्याने ही गोष्ट कधीही विसरू नये. गंजलेला पत्रा बदलता येतो, न जुळणारा क्रमांक बदलता येत नाही.

आता मोलाचा प्रश्न आला. आजी म्हणाल्या, “तो सत्तावीस देतो म्हणते. तुम्ही तीस द्या आन् घेऊन जा.” तीस हजारांत ती गाडी आमची झाली असती. परंतु आमच्या मंडळीने मिस्त्रींना आजींच्या समोरच विचारले की, ही गाडी चालती असती तर कितीस गेली असती? मिस्त्री म्हणाले, दीड लाखांच्या खाली नाही. मग संत्र्यांच्या पावतीच्या पाठीवरच हिशेब मांडला: पत्र्याचे काम इतके, इंजिन इतके, ब्रेक, वायरिंग, गाद्या, काचांची रबरे इतकी. गाडी उंदरांनी आतून पोखरलेली होती. खर्च मोठा होता. शेवटी ६५,००० रुपये दोन्ही पक्षांस मान्य झाले. ही रक्कम आम्ही घराच्या छपरासाठी ठेवली होती. छपराने आणखी एक पावसाळा काढावा, असे मंडळीनेच ठरवले.

तथापि सौदा ठरला म्हणजे गाडी आपली झाली, असे नाही. पुस्तकात नाव मृत मालकांचे होते. कायद्याप्रमाणे प्रथम नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यास मृत्यूचा दाखला व इतर वारसांची संमती लागते. त्यानंतरच नमुना २९ व ३० यांवर विक्रेता आणि खरेदीदार यांच्या सह्या होऊन ती नव्या मालकाच्या नावावर चढते. आजींचा मुलगा पुण्यास, मुली दोन निरनिराळ्या गावी. त्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा होऊन सर्व पुरे होण्यास सात महिने लागले. तोपर्यंत आम्ही १५,००० रुपये इसार देऊन ठेवला होता, आणि त्याचा पुरावा म्हणजे वहीच्या कागदावरील चार ओळी. शेजाऱ्यांनी आम्हांस मूर्खात काढले.

त्यांचे म्हणणे खरे ठरण्याचा प्रसंगही आला. जुलै महिन्यात बाहेरगावचा एक व्यापारी बागेत आला. सुटे भाग काढून विकणे हा त्याचा धंदा. नाव चढवण्याची भानगड नको, गाडी आज द्या, १,२०,००० रुपये रोख मोजतो, असे तो म्हणाला. पुण्याहून आजींच्या मुलाचा आम्हांस दूरध्वनी आला. तो मुलगा सभ्य होता. त्याने सरळ विचारले, तुम्ही तेवढे देऊ शकाल का? आम्ही सांगितले की आमच्याजवळ ६५,००० आहेत, त्याहून अधिक नाहीत; आईंनी ती गाडी त्यास द्यावी, आमचा इसार परत केला की आमचे काही म्हणणे राहणार नाही. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, हे खरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही बागेत गेलो तेव्हा आजी संत्र्यांच्या झाडांना पाणी सोडत होत्या. आम्ही काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, “मी शब्द देऊन बसली भाऊ. आता ते गाडी माही नाही, तुमची हाय. दुसऱ्याची वस्तू मी कशी विकू?” मग जराशाने म्हणाल्या, “याच गाडीत माही सून घरी आली. याच गाडीत मालकाले नागपूरले दवाखान्यात नेलं. तो मानूस तिचे तुकडे करनार व्हता.” त्यांनी एकच अट घातली: गाडी चालू झाली की त्यांना तीत बसवून एकदा जामसावळीच्या मारुतीस न्यावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये कागद पुरे झाले आणि गाडी ट्रॅक्टरच्या मागे दोरीने बांधून आमच्या अंगणात आली. पुढील महिन्याच्या ३० तारखेस वर्तमानपत्रांत बातमी वाचली की मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची कायमची रजा झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे. आमच्यासारख्यांस त्या बातमीत आणखी एक अर्थ होता: सुट्या भागांचा झरा आटणार. डिलाइट व पद्मिनी यांचे इंजिन आणि पुष्कळसे भाग एकाच जातीचे. ज्या कुर्ल्यात या गाड्या जन्मल्या तेथील भंगार बाजारातूनच आम्ही ब्रेकचे ड्रम व एक गियरपेटी आणली. चकचकीत पट्ट्या आणि मागचे दिवे यांसाठी मात्र वर्षभर हिंडावे लागले. रबरी नळ्या सर्व नव्या घातल्या, कारण आजच्या पेट्रोलात मिसळलेले इथेनॉल जुने रबर खाऊन टाकते.

डिसेंबर २०२४ मध्ये इंजिन प्रथम बोलले. त्यानंतर रंग, गाद्या व वायरिंग झाले. आता नोंदणीच्या नूतनीकरणासाठी परिवहन अधिकाऱ्यांकडून तपासणी व्हावयाची आहे. पन्नास वर्षांवरील मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी विंटेज म्हणून निराळी नोंदणी ठेवली आहे. तिचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षे. परंतु अशी गाडी प्रदर्शन, मिरवणूक, इंधन भरणे व दुरुस्ती यांखेरीज रस्त्यावर नेहमी चालवता येत नाही. साधे नूतनीकरण पाच वर्षांचे. पूर्वी त्यास ६०० रुपये लागत. २०२२ साली ५,००० झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,०००. आम्ही साधेच नूतनीकरण करणार आहोत. जी गाडी सौसरच्या बाजारात भाजी आणावयास जाऊ शकत नाही ती काचेच्या कपाटातील भांड्यासारखी. आजींनी आम्हांस मोटार विकली आहे.

दुरुस्तीस आतापर्यंत सव्वादोन लाख रुपये लागले. खर्च आणि किंमत यांचा मेळ बसत नाही आणि बसणारही नाही. विकून नफा होईल या आशेने कोणी या वाटेस जाऊ नये. ज्यास आवड आहे त्याने मात्र आपल्या आसपासची गुदामे पाहावीत. चुंबक बरोबर न्यावे, क्रमांक ताडावेत, वारसांची संमती आधी घ्यावी, आणि विकणाऱ्यास वस्तूचे खरे मोल माहीत नसेल तर ते त्याच्या समोर बोलून दाखवावे. असे केल्याने वस्तू महाग पडते. पण त्या जुलै महिन्यात आमच्या हाती चार ओळींच्या कागदाखेरीज काही नव्हते. गाडी राहिली ती एका वृद्ध स्त्रीच्या शब्दावर, आणि तो शब्द पावतीच्या पाठीवरील त्या उघड हिशेबावर उभा होता. ते ऋण रुपयांनी फिटणारे नाही. तपासणी झाली की पहिली फेरी जामसावळीची आहे.