चुकलेली गाडी

भाषेचे नियम पुस्तकांत शिकावे. पण तिची प्रकृति पाहावयाची असेल तर सकाळीं आठाच्या सुमारास डोंबिवली स्टेशनच्या पुलावर घटकाभर उभें राहावें. परवां ठाण्यास जाण्यासाठीं मी असाच उभा होतों. खालची गाडी हलली, आणि धांपा टाकीत आलेल्या चौघांच्या तोंडून एकच उद्गार निघाला : “मिस झाली !”

या क्रियापदाचीं सारीं रूपें आम्हीं शाळेंत घोकलीं होतीं. फलाटावर त्यांतील बहुतेक ऐकूंच येत नाहींत. मूळ धातु तेवढा उचलून बाकीचें काम मराठीनें ‘होणें’ आणि ‘करणें’ या घरच्या मंडळींवर सोंपविलें आहे. गाडी मिस झाली, व्याख्यान मिस झालें, संधि मिस करूं नकोस. काळ मराठी, लिंगहि मराठी. पाहुणा परका, पण पंगत आपलीच !

मुंब्र्याचा डोंगर मागें पडला तरी विचार सुटेना. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून पहिली आगगाडी याच ठाण्यास आली. पुढच्या वर्षीं ती कल्याणास पोंचली. वस्तु नवी, तेव्हां ‘स्टेशन’, ‘तिकीट’ हीं नांवें येणारच. परंतु गाडी न मिळण्यास आपल्याकडे ‘चुकली’ हा नामी शब्द आहे. इंग्रजींत प्रवासी गाडी चुकवितो. मराठींत उशीर आपण करावा आणि चुकावी गाडीनें! ‘मिस झाली’ म्हणतांनाहि दोष गाडीच्याच पदरांत. शब्द परका आला, स्वभाव पालटला नाहीं.

या समाधानांत सायंकाळीं घरीं परतलों. इतक्यांत लंडनहून पुतण्याचा टेलिफोन आला. तो ठेवून मातोश्री म्हणाल्या, “अरे, तो म्हणतो, ‘आजी, मी तुला मिस करतों.’ म्हणजे मी का त्याची चुकलेली गाडी ?”

“तुझी आठवण येते, असें म्हणाला तो.”

“मग तसेंच कां नाहीं म्हणाला ?” त्या हंसल्या नाहींत.

मला उत्तर सुचलें नाहीं. आठवण आपण ‘करतों’ ती कामापुरती. मायेची आठवण आपण होऊन ‘येते’. तेथें ‘करणें’ जोडलें कीं न सांगतां येणारी गोष्ट मुद्दाम केल्यासारखी वाटते. फलाटावरचा ‘मिस’ मला खुपत नाहीं. एक गाडी चुकली तरी पाठोपाठ दुसरी येते. ऐशीं वर्षांच्या आजीला तिच्या शब्दांत आठवण सांगावयाची वेळ मात्र चुकतां कामा नये. त्याच रात्रीं मीं पुतण्यास पत्र लिहिलें.