दिसायला पाण्यासारखी

गेले तीन वीकएंड ऑफिसने खाल्ले. शुक्रवारी संध्याकाळी कुणीतरी काहीतरी लाइव्ह करायचं आणि शनिवारी सकाळी फोन मला यायचा. या शनिवारी मात्र लॅपटॉप मिटून ठेवला आणि बरेच दिवस डोक्यात असलेला विषय काढला. विषय आहे जिन. प्यायची. अल्लाउद्दीनच्या दिव्यातला तो वेगळा (हा विनोद कुणीतरी करणारच, म्हणून मीच उरकून घेतला).

आधीच सांगतो, मी काही जाणकार वगैरे नाही. ग्लास हलवून, नाक खुपसून "फिनिश छान आहे" म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण मतं भरपूर आहेत. सोलापूरच्या माणसाला मतं असतातच, शेंगाच्या चटणीवर असतात तशी जिनवरही.

मत क्रमांक एक : व्हिस्की मला आवडत नाही. पंधरा वर्षं प्रयत्न केला, आता सोडला. रम डिसेंबरात ठीक. बियरने फक्त पोट भरतं. राहिली जिन. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी कधीच ओलांडून पुढे गेलेला असतो. दिवसभर तापलेली भिंत रात्री अकरालाही हाताला चटका देते. अशा वेळी भरपूर बर्फ, त्यावर ४५ मिली जिन, त्याच्या तिप्पट थंड टॉनिक आणि कागदी लिंबाची एक फोड. बस्स. रोझमेरीची काडी नको, गुलाबी रंग नको, स्ट्रॉबेरी तर अजिबात नको. लिंबू ग्लासात पिळायचं नाही, नुसतं सोडायचं. पिळलं की ते सरबत होतं.

मत क्रमांक दोन : जिनबरोबर शेंगाची चटणी चालत नाही. हे लिहिताना हात थरथरतोय, कारण गावी कळलं तर सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर पाय ठेवू देणार नाहीत. पण खरं तेच सांगतो. लसूण आणि तिखटापुढे जिनचं काही चालत नाही. काकडी, खारे शेंगदाणे, फार तर मीठ लावलेली कैरी. चटणी दह्यात कालवून, कडक भाकरीबरोबर, नंतर जेवताना.

आमच्या सात रस्त्याकडच्या मित्रमंडळीत या आवडीची किंमत मोजावी लागते. "का बे, बायकांचं ड्रिंक पितो का?" हा प्रश्न मला दर दिवाळीत पडतो. मजा अशी की विचारणाऱ्यांपैकी एकाच्याही घरातली बाई जिन पीत नाही. प्यायली तर हेच आधी घर डोक्यावर घेतील. माझी बायको पुण्यात माझ्याबरोबर कधीतरी एक घेते. सोलापूर स्टेशनला उतरली की ती सून होते आणि लिंबू-सोडा पिते. म्हणजे बायकांचं ड्रिंक मी प्यायचं आणि बायकोने बघायचं! असो.

आता थोडं जिनबद्दल, कारण ही माहिती वाचता वाचता माझा एक अख्खा रविवार गेला होता.

जिन म्हणजे शुद्ध अल्कोहोलला ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळाचा वास आणि चव. बरोबरीला धणे, लिंबावर्गीय साली, वेलदोडा, दालचिनीसारखं जे काय घालाल ते. चांगली जिन करताना हे सगळं अल्कोहोलबरोबर पुन्हा उकळून ती वाफ गार करतात. स्वस्तातली करायची तर अल्कोहोलमध्ये नुसता इसेन्स टाकला की झालं. व्हिस्कीसारखी वर्षानुवर्षं पिंपात मुरवावी लागत नाही, म्हणून पटकन तयार होते. आपल्याकडे हे अल्कोहोल बहुतेक वेळा उसाच्या मळीपासून येतं, आणि साखर कारखान्यांच्या संख्येत आमचा जिल्हा राज्यात पहिला. त्यामुळे कॉलेजात प्यायलेल्या क्वार्टरमध्ये गावाकडचा ऊस असण्याची शक्यता बरीच होती. तेव्हा हे माहीत नव्हतं, नाहीतर अभिमानाने प्यायलो असतो.

२०१७-१८ पासून गोव्यात चांगली जिन बनायला लागली. ग्रेटर दॅन, मग हपुसा, स्ट्रेंजर अँड सन्स. यातलं 'हपुसा' हे नाव मला फार आवडलं, कारण हपुषा हे आयुर्वेदातलं ज्युनिपरचंच नाव, आणि त्या जिनमध्ये हिमालयातलं ज्युनिपर असतं. टॉनिकमधला कडूपणा क्विनीनचा, म्हणजे हिवतापाच्या औषधाचा. गोऱ्या साहेबाने हिंदुस्थानात औषध घशाखाली उतरावं म्हणून त्यात जिन ओतली अशी गोष्ट सांगतात. आता टॉनिकमध्ये क्विनीन अगदी नावाला असतं, तेव्हा हिवतापासाठी डॉक्टरकडेच जा. पण पबमधल्या त्या जांभळट अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली टॉनिक निळं चमकतं ते या क्विनीनमुळेच. करून बघा, पोरं खूश होतात. (नुसतं टॉनिक दाखवा.)

इथपर्यंत सगळं छान छान झालं. आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो.

मला जिन का आवडते, याचं वर दिलेलं उत्तर अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं की जिन पाण्यासारखी दिसते. पुण्याला हॉस्टेलवर असताना सुट्टीत घरी यायचो, तेव्हा पाण्याच्या बाटलीत भरून आणता येईल अशी हीच एक होती. रमचा रंग लपत नाही. व्हिस्की तोंडाला लांबून वास मारते. जिन स्टीलच्या पेल्यात ओतली, लिंबू टाकलं, की कुणी विचारलंच तर सरबत. म्हणजे माझी जी काही 'चव' आहे ती चोरीतून आली. टॉनिक, बर्फ, हपुषा, हे सगळं पगार वाढल्यावर त्यावर चढवलेलं कव्हर.

आणि चोरी करावी लागायची कारण आमच्या घरात दारू हा शब्दसुद्धा काढत नाहीत. आजोबा गिरणीत होते. वडिलांच्या लहानपणी राज्यात दारूबंदी होती. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. तो कायदा आता महाराष्ट्राच्या नावाने आजही आहे, म्हणून तर बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहितात. कडक दारू प्यायला अजूनही कागदोपत्री परवाना लागतो आणि वय पंचवीस पूर्ण असावं लागतं. मित्रांपैकी कुणाकडे परमिट आहे का, हे एकदा विचारून बघा. तर दारूबंदी होती म्हणजे दारू नव्हती असं नाही. हातभट्टी होती. काळा गूळ, नवसागर आणि बाभळीची साल कुजवून उकळायची आणि ट्यूबमध्ये भरून आणायची. 'पहिल्या धारेची' म्हणजे भारी, हे आपण विनोदाने बोलतो. नीट चालणाऱ्या डिस्टिलरीत ती पहिली धार बाजूला काढून टाकतात, कारण नको ते पदार्थ तिच्यातच आधी येतात.

पगाराच्या दिवशी आजी कडेवर वडिलांना घेऊन गिरणीच्या गेटवर उभी राहायची. तिच्यासारख्या अजून पुष्कळ असायच्या. नवरा बाहेर आला की पाकीट हातात घ्यायचं, नाहीतर ते घरी पोचायचं नाही. एक महिना ती तापाने पडून होती, जाऊ शकली नाही. त्या महिन्यात घरातलं तांब्याचं घंगाळ गहाण पडलं, ते परत आलं नाही. आजोबा पन्नाशीच्या आत गेले. मी त्यांना फोटोतच बघितलंय.

मध्यंतरी जिनचा इतिहास वाचताना विल्यम होगार्थचं १७५१ चं एक चित्र समोर आलं, 'जिन लेन'. लंडनमधली गरिबांची गल्ली. मध्यभागी पायऱ्यांवर झिंगलेली आई, तिच्या हातातून मूल खाली पडतंय आणि तिला पत्ता नाही. डाव्या बाजूला सावकाराचं दुकान. सुतार आपली करवत गहाण टाकतोय आणि शेजारी एक बाई स्वयंपाकाची भांडी घेऊन उभी आहे. मी त्या भांड्यांकडेच बघत बसलो. आमचं घंगाळ होतं ते.

म्हणजे जिला मी लिंबाची फोड सोडून कौतुकाने पितो, ती अडीचशे वर्षांपूर्वी लंडनची हातभट्टी होती. स्वस्त, झटपट, अंगमेहनत करणाऱ्याला त्याचा थकवा विसरायला लावणारी. मग १७५१ मध्येच तिथल्या सरकारने विक्रीचे नियम कडक केले, कर वाढवला, पुढे धान्यही महाग झालं, आणि हळूहळू ते वेड ओसरलं. नंतर तीच जिन सभ्य लोकांच्या टेबलावर गेली. पेय तेच, पिणारा बदलला.

आपल्याकडे ती गल्ली संपलेली नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. सोलापूरजवळचा मुळेगाव तांडा हातभट्टीसाठी वर्षानुवर्षं बदनाम. तिथे २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी, तेव्हाच्या अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने, 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. नुसत्या धाडी टाकून भट्टी दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटते, म्हणून त्या घरांना दुसरा कामधंदा मिळवून द्यायचा, अशी कल्पना. बातमी वाचून मी ऑफिसात अगदी मनापासून "क्या बात है" म्हणालो होतो. आणि त्याच शुक्रवारी बारमध्ये एका ग्लासाचे साडेपाचशे रुपये दिले होते.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरला होतो. लाइट गेलेली, सगळे गच्चीवर अंथरुणं टाकून झोपलेले. मी कठड्याशी बसलो होतो, स्टीलचा पेला हातात, छत्तीस वर्षांचा घोडा. आजी उठून आली. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, झोप कमी झालीये. शेजारी बसली आणि म्हणाली, "सरबत हाय का रे? दे एक घोट, घसा वाळलाय."

आणि पेला घेतला की हातातून.

मला आठवतंय, डोक्यात तीन थापा तयार झाल्या होत्या. औषध आहे, उष्टं आहे, थांब दुसरं आणतो. पेला तिच्या ओठांपर्यंत गेला आणि माझ्या तोंडून निघालं, "आजी, नको. दारू आहे ती."

तिने पेला खाली घेतला. फेकला नाही. नाकाजवळ नेऊन वास घेतला, बराच वेळ. "हिला तसला वास न्हाई की," म्हणाली. "धन्याचा येतोय. तुझ्या आजोबाची तर गल्लीच्या तोंडाला कळायची."

मी गप्प.

"रोज पितोस?"

"नाही गं. महिन्यातनं दोनदा. फार तर तीनदा."

तिने पेला माझ्या हातात परत दिला. "त्यो बी आधी पगाराच्याच दिवशी प्यायचा," म्हणाली, आणि उठून झोपायला गेली. मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं. ते प्यायली आणि कूस बदलली.

पुढे काय झालं? काही नाही. सकाळी चहा दिला, भाकरी केली, विषय निघाला नाही. वडिलांनाही सांगितलं नाही तिने. मी दारू सोडली असं लिहिलं तर हा लेख छान संपेल, पण सोडलेली नाही. मला जिन आवडते, अजूनही. दोन गोष्टी मात्र केल्या. एक, आता काचेच्या ग्लासात पितो. जी गोष्ट स्टीलच्या पेल्याशिवाय पिता येत नाही ती तिथे प्यायचीच नाही, म्हणून सोलापुरात बंद. दुसरी, फोनमध्ये एक साधी फाइल आहे, त्यात तारीख आणि ग्लास लिहून ठेवतो. लॉग ठेवायची सवय आहेच, फक्त आजवर मशीनचे ठेवायचो.

आणि तो लॉग बघितल्यावर कळलं की आजीला सांगितलेला आकडाही खोटाच होता. मे महिन्यात पाच ग्लास आहेत. जूनमध्ये सात.

जुलैचा आकडा ठरवून तीनवर आणलाय. पुढच्या वेळी तिने विचारलं तर खरा सांगता यावा, एवढंच.